मुकाबल्यापासून झोटेरोपर्यंत : हवाल्याची गोष्ट

शिवरायांच्या सैन्यात मुसलमान किती होते, याची एक टक्केवारी दर चार-सहा महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागते. कुणी मोठा आकडा देतं, कुणी तो शून्यावर आणून ठेवतं. दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये एक साम्य असतं. आकडा कुठून घेतला ते कुणीच लिहिलेलं नसतं.

खरं तर नावं काढायची तर ती कागदात आहेत. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर राजारामाच्या काळात जिंजीला लिहिली गेली आणि काशिनाथ नारायण साने यांनी ती छापून आणली. आरमारातला दौलतखान 1679 च्या खांदेरीच्या झटापटीत मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून भेटतो. ही माणसं दाखवता येतात, पान उघडून दाखवता येतात. टक्केवारी तशी दाखवता येत नाही. तरीही आपण टक्केवारीच पुढे पाठवतो, आणि समोरच्याने हवाला मागितला की "कुठेतरी वाचलं होतं" म्हणून गप्प बसतो. आपली बाजू त्या क्षणी पडते, ती खोटी असते म्हणून नव्हे, तर कागद हाताशी नसतो म्हणून.

यात आळस कमी आणि मांडणीचा दोष जास्त असतो. आपण वाचतो एकीकडे आणि टिपतो दुसरीकडे. किताबचं नाव एका वहीत, त्यातला मजकूर दुसऱ्या वहीत, पान क्रमांक झेरॉक्सच्या मागे. सहा महिन्यांनी टिपण सापडतं, पण ते कुठल्या किताबमधलं हे सांगणारा धागा तुटलेला असतो. हा धागा कसा राखायचा यावर माणसांनी हजार-बाराशे वर्षं डोकं चालवलं आहे. आज संगणकावर झोटेरो आणि नोशन जोडून संशोधक जे करतात, ते त्याच प्रयत्नाचं अलीकडचं रूप आहे.

हदीसच्या आलिमांनी या प्रश्नाला जेवढं गांभीर्याने घेतलं तेवढं क्वचितच कुणी घेतलं असेल. मजकूर म्हणजे मतन, आणि तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी म्हणजे इस्नाद. इमाम बुखारींच्या (मृत्यू 870) संग्रहात प्रत्येक मुख्य हदीस तिच्या साखळीसह येते. टिपण आणि संदर्भ यांना दोन वेगळ्या वह्यांत राहण्याची मुभाच नव्हती. पुढे साखळीतल्या माणसांवर एक स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं, अस्मा-उर-रिजाल. हा रावी कुठे राहत होता, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटणं शक्य होतं का, म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती शाबूत होती का, अशा नोंदींचे खंडच्या खंड झाले.

मला मात्र याहून जास्त ओढ लागते ती 'मुकाबला' या शब्दाची. उर्दूत आणि मराठीतही आपण तो सामना, लढत या अर्थाने वापरतो. अरबी हस्तलिखितांच्या जगात मुकाबला म्हणजे नक्कल मूळ प्रतीसमोर धरून ओळ न ओळ ताडून पाहणं. रिवायत आहे की उरवा इब्न जुबैर यांनी आपला मुलगा हिशाम याला विचारलं, लिहून झालं का? तो हो म्हणाला. मग विचारलं, ताडून पाहिलं का? तो नाही म्हणाला. यावर उरवांचं म्हणणं पडलं की मग तू लिहिलंच नाहीस.

अकराव्या शतकात बगदादचे अल्-खतीब अल्-बगदादी (1002–1071) यांनी यासाठी एक साधी युक्ती सुचवली. दोन हदीसच्या मध्ये एक छोटं वर्तुळ काढायचं आणि ते रिकामं ठेवायचं. मूळ प्रतीशी ताडणी झाली की त्या वर्तुळात एक ठिपका द्यायचा. पान उलटताना डोळ्याला लगेच कळतं की इथपर्यंत तपासलं आहे आणि इथून पुढचं बाकी आहे. तेराव्या शतकातल्या इब्न अस्-सलाह यांनी हदीसशास्त्रावरच्या आपल्या किताबमध्ये ही सूचना नोंदवली आणि ती मदरशांमधून पुढे शिकवली गेली. कित्येक जुन्या हस्तलिखितांच्या समासात 'बलग' असा शब्दही दिसतो. 'इथवर पोचलो' असा त्याचा अर्थ. एका बैठकीतली ताडणी जिथे थांबली तिथे ही खूण होई.

याच परंपरेत 'विजादा' नावाचा एक प्रकार आहे. एखाद्या आलिमच्या हस्ताक्षरातला कागद तुम्हाला सापडला, पण तुम्ही त्यांच्याकडून तो ऐकलेला नाही. अशा वेळी 'त्यांनी मला सांगितलं' असं म्हणायचं नाही, 'त्यांच्या हस्ताक्षरात मला असं सापडलं' असंच म्हणायचं. आज आपण फॉरवर्ड आलेला मजकूर "इतिहासकार म्हणतात" अशा थाटात पुढे ढकलतो, तेव्हा हा फरक आठवावा असं मला फार वाटतं. असो.

दख्खनमध्ये हा शिरस्ता इतिहासलेखनातही दिसतो. मुहम्मद कासिम फरिश्ता अहमदनगरच्या निजामशाहीत वाढला, 1589 मध्ये विजापूरला गेला आणि दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या आश्रयाने त्याने आपली तारीख लिहिली. ग्रंथाच्या सुरुवातीला त्याने वापरलेल्या किताबांची यादी दिली आहे, तीसहून अधिक नावांची. सतराव्या शतकाच्या आरंभी, आपल्याच मुलखात. फरिश्ताच्या चुका पुढच्या अभ्यासकांनी पुष्कळ दाखवल्या, आणि त्या दाखवता आल्या याचं एक कारण ही यादी आहे. जॉन ब्रिग्ज यांनी 1829 मध्ये त्याचा इंग्रजी तर्जुमा छापला आणि तेव्हापासून बहुतेक लोक फरिश्ता म्हणून ब्रिग्जच वाचतात. ब्रिग्जने बराच सैल हात वापरलेला आहे. म्हणून 'फरिश्ता म्हणतो' एवढं लिहून भागत नाही. फारसी फरिश्ता की ब्रिग्जचा, हे टिपणातच असायला हवं.

मराठी कागदांची गोष्ट निराळी. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले. रुमाल म्हणजे कापडात गुंडाळलेला गठ्ठा, आणि रुमालाचा क्रमांक हाच कागदाचा पत्ता. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांतले माळे धुंडाळले आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापू लागले. 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले. या मंडळींनी कागदाला खंड आणि लेखांक दिला, म्हणून आज गावातल्या शाळेत शिकवणारा माझ्यासारखा माणूसही तो कागद शोधून वाचू शकतो.

विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान याने चिठ्ठ्यांची पेटी बांधली, सुमारे 90 हजार चिठ्ठ्यांची. एका चिठ्ठीवर एक विचार, तिला क्रमांक, आणि संदर्भाच्या चिठ्ठ्यांचा वेगळा कप्पा. क्रमांकामुळे विचार आणि संदर्भ एकमेकांना शोधू शकत. आज संगणकावरच्या टिपण-पद्धतींवर बोलणारे लोक सारखं लुमानचं नाव घेतात. त्याच्याआधी हजार वर्षं बगदादमध्ये काय चाललं होतं, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता झोटेरो. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने तो तयार केला. हे सॉफ्टवेअर इतिहासकारांच्या घरातून आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी ते फायरफॉक्स ब्राउझरचं एक पुरवणी साधन होतं, नंतर स्वतंत्र झालं. नाव अल्बेनियन भाषेतल्या, आत्मसात करणं या अर्थाच्या क्रियापदावरून घेतलं आहे. ते मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. ग्रंथालयाच्या पानावर असताना एक बटण दाबलं की लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक हे सगळं आपोआप जमा होतं. 2022 च्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ त्यातच उघडून खुणा करता येतात, आणि त्या खुणांचं टिपण केलं की प्रत्येक उताऱ्यापुढे पान क्रमांक येतो. तो क्रमांक दाबला की तेच पान उघडतं. हा खऱ्या अर्थाने धागा आहे.

पण झोटेरो हे मुळात किताबांचं कपाट आहे. विचार पसरून मांडायचे, एका मुद्द्याखाली पाच किताबांतली टिपणं आणायची, तर लोक नोशन किंवा ऑब्सिडियनसारखी वर्कस्पेस वापरतात. आणि इथे पुन्हा तीच जुनी फाळणी होते, किताबं एका घरात, टिपणं दुसऱ्या घरात. 2021 मध्ये नोशनने बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी आपलं दार अधिकृतपणे उघडलं आणि मग 'नोटेरो' नावाची झोटेरोची एक जोडणी आली. झोटेरोतला एखादा संग्रह तिला नेमून द्यायचा. त्यात किताब टाकली की नोशनच्या तक्त्यात तिची एक ओळ आणि एक पान तयार होतं, लेखक-साल आपोआप भरलं जातं, झोटेरोतली टिपणंही त्या पानावर पोचतात. तक्त्यातून मूळ नोंदीकडे परत नेणारा दुवाही असतो. प्रवाह एकाच दिशेचा, झोटेरोकडून नोशनकडे. नोशनमध्ये साल बदललं तर ते झोटेरोत परत जात नाही, उलट पुढच्या वेळी झोटेरोतलं साल त्यावर येऊन बसतं. काहींना ही उणीव वाटते. मला हे बरोबर वाटतं. मूळ प्रत एकच असावी आणि दुरुस्ती तिथेच व्हावी, हे कातिबांनाही मान्य झालं असतं.

अडचण येते ती आपल्या नावांत आणि आपल्या तारखांत. झोटेरोला आडनाव आणि नाव असे दोन कप्पे हवे असतात. 'मुहम्मद कासिम हिंदूशाह' यातलं आडनाव कोणतं? हिंदूशाह हा त्याच्या वडिलांच्या नावाचा भाग, आणि जग त्याला ओळखतं फरिश्ता या तखल्लुसने. अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न इस्माईल अल्-बुखारी यांत कुन्यत आहे, नाव आहे, वडिलांचं नाव आहे, गावाची निस्बत आहे, आडनाव मात्र नाहीच. यासाठी नावाचे दोन कप्पे मिटवून एकच कप्पा करण्याची सोय झोटेरोत आहे. ती वापरावी, आणि जे नाव प्रसिद्ध आहे ते आधी लिहावं.

तारखांचं प्रकरण जास्त धोक्याचं. शिवकालीन मराठी कागदांत सुहूर सन असतो, आणि तोही अरबी अंकशब्दांत, 'सलास सबैन व अलफ' असा. उर्दू शिकवणाऱ्याला हे पटकन उलगडतं. सलास तीन, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे 1073. पण हा 1073 हिजरी नव्हे. सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे हा कागद 1672-73 चा. कुणी अरबी शब्द पाहून तो हिजरी धरला तर कागद 1662-63 मध्ये जातो, शाएस्ताखान पुण्यात तळ देऊन बसलेल्या दिवसांत. दहा वर्षांच्या फरकाने माणसांच्या निष्ठा बदलतात, किल्ले हातचे जातात-येतात. हे गणित कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. म्हणून मी तारखेच्या कप्प्यात इसवी सन लिहितो आणि कागदावरचा मूळ सन जसाच्या तसा 'एक्स्ट्रा' या कप्प्यात उतरवतो. दफ्तरातला कागद असेल तर नोंदीचा प्रकार 'मॅन्युस्क्रिप्ट' ठेवतो. त्यात दफ्तरातलं ठिकाण लिहायला जागा असते, तिथे रुमालाचा क्रमांक नेमका बसतो.

नोटेरोचं काम झालं की ती झोटेरोतल्या नोंदीला एक टॅग लावते, 'notion' या इंग्रजी शब्दाचा. पहिल्यांदा पाहताना वाटतं, हाच तो खतीबचा ठिपका. तसं नाही. तो टॅग एवढंच सांगतो की नोंद तिकडे पोचली. खतीबचा ठिपका सांगत असे की एका माणसाने मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवून वाचली. चुकीचं साल, चुकीचा तर्जुमा, ब्रिग्जचं वाक्य फरिश्ताच्या नावावर, हे सगळं यंत्र तितक्याच इमानदारीने इकडून तिकडे पोचवतं आणि वर टॅगही लावतं.

म्हणून माझ्या नोशनच्या तक्त्यात मी एक जादा रकाना जोडला आहे. नोटेरो आपल्या ठरलेल्या रकान्यांपलीकडे हात लावत नाही, त्यामुळे तो माझ्या हातातच राहतो. त्याचं नाव 'मुकाबला'. नोंद नवी आली की चौकट रिकामी. मूळ पान उघडून उतारा, साल, आवृत्ती आणि पान क्रमांक ताडून झाला की बरोबरची खूण. नववी-दहावीच्या ज्या मुला-मुलींना इतिहासात रस आहे, त्यांना मी हेच कागदावर करायला लावतो, संगणकाशिवाय. प्रत्येक टिपणाखाली एक वर्तुळ काढायचं आणि किताब पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय त्यात ठिपका द्यायचा नाही. सैन्याच्या टक्केवारीची एक नोंदही माझ्या तक्त्यात आहे. तिच्यापुढची चौकट अजून रिकामी आहे.