द रिव्हर

अमेरिकन नृत्यरचनाकार अ‍ॅल्विन एली (१९३१–८९) यांची बॅले आणि जॅझ यांचा मेळ घालणारी रचना. संगीत ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) यांचे. अमेरिकन बॅले थिएटरने २५ जून १९७० रोजी न्यूयॉर्क स्टेट थिएटरमध्ये ती प्रथम सादर केली. तेव्हा ती पुरी झालेली नव्हती, आणि तसे जाहीरही करण्यात आले होते.

संगीत : नदी उगमापासून समुद्राकडे जाते तसे माणसाचे आयुष्य जन्मापासून पुढे वाहते, ही एलिंग्टन यांची मूळ कल्पना. ‘म्यूझिक इज माय मिस्ट्रेस’ (१९७३) या आत्मचरित्रात त्यांनी एकेका भागाचा आशय सांगितला आहे. त्यात झरा म्हणजे तान्हे मूल. तयारीच्या काळात एली त्यांना व्हँकूवरला भेटले, तेव्हा हँडेलचे ‘वॉटर म्यूझिक’, दब्यूसीचे ‘ला मेर’, ब्रिटनचा ‘पीटर ग्राइम्स’ हा ऑपेरा असे पाण्याशी नाते असलेले संगीत जमवून एलिंग्टन यांचा अभ्यास चालला होता. एलिंग्टन सतत दौऱ्यावर असल्याने एलींच्या हाती संगीत तुकड्यातुकड्यांनी पडे आणि तालमी त्यावरच चालत. सिम्फनी वाद्यवृंदासाठी त्याची मांडणी कॅनडाचे संगीतकार रॉन कॉलियर यांनी केली. त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. एवढ्या मोठ्या वाद्यमेळातही जॅझच्या लयीचा डौल टिकला, याचे बरेचसे श्रेय मात्र त्यांचे आहे.

नृत्य : ‘रेव्हेलेशन्स’ (१९६०) या आपल्या आधीच्या रचनेत एलींनी नदी दाखवण्यासाठी रंगमंचावर लांब कापडे लहरवली होती. येथे ते काम मुख्यतः शरीरे करतात. पायांची शिस्त बॅलेची. पाठ, कंबर आणि खांदे यांची मोकळी हालचाल मात्र लॉस अँजेलिसमध्ये लेस्टर हॉर्टन यांच्याकडे घेतलेल्या शिक्षणाची आणि जॅझची आठवण देते. ‘लेक’ (सरोवर) या भागात एक संथ युगुलनृत्य आहे आणि त्याभोवती समूह हलत राहतो. ‘गिगलिंग रॅपिड्स’ हे खेळकर युगुलनृत्य, तर ‘फॉल्स’ पुरुष नर्तकांचे. ‘व्हॉर्टेक्स’ म्हणजे भोवरा: तालवाद्यांच्या माऱ्यात एकटी नर्तिका गिरक्यांवर गिरक्या घेते. ताकद आणि तोल या दोन्हींची एवढी कठोर परीक्षा रचनेत दुसरीकडे कुठे नाही.

रचनेला बॅले म्हणावे की आधुनिक नृत्य, यावर एकमत नाही.

पाठभेद : १९७१मध्ये अधिक विस्तृत रूप सादर झाले. भागांची संख्या आणि क्रम सर्वत्र सारखे आढळत नाहीत. एलिंग्टन यांनी कल्पिलेले सगळेच भाग नृत्यात आले नाहीत. एलींच्या स्वतःच्या संस्थेने ही रचना १९८१मध्ये आपल्या कार्यक्रमांत घेतली. नृत्याविना ती मैफलीतही वाजवली जाते. एलिंग्टन यांच्या बँडने १९७०मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७मध्ये प्रसिद्ध झाली.