दुर्बिणीवर किती खर्च करावा?

कोकणातील अनेक जुन्या घरांत एकेकाळी ठासणीची बंदूक असे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका रत्नागिरी जिल्ह्यात आजही आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. छंद म्हणून केली जाणारी शिकार मात्र इतिहासजमा झाली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने त्यातील उरल्यासुरल्या पळवाटाही जवळपास बुजल्या. परदेशातील शिकारी मंडळी रायफलीवरच्या दुर्बिणीसाठी रायफलीइतके पैसे मोजावेत की निम्मे, यावर अजूनही हिरिरीने वाद घालतात. आपल्याकडे रानात जाणाऱ्याच्या हाती आता दोन डोळ्यांची दुर्बीण असते, आणि खर्चाचा तोच प्रश्न तिच्याही बाबतीत पडतो. रत्नागिरीपुरते त्याचे उत्तर देशावरच्या उत्तराहून थोडे वेगळे आहे, कारण येथे दुर्बिणीचा खरा शत्रू हवेत असतो.

प्रथम आकड्यांचा अर्थ पाहू. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. त्यातील ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ भासते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. येथे तो सव्वापाच मिलिमीटर. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, परंतु देवराईतील दाट सावलीत किंवा पहाटे ती बरीच मोठी होते. म्हणून १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी उत्तम वाटते आणि सकाळी सहा वाजता जंगलात निराशा करते. तिचे प्रकाशवर्तुळ अवघे अडीच मिलिमीटरचे.

वर्धन अधिक तितकी दुर्बीण चांगली, हा समज विक्रेत्यांना सोयीचा असला तरी खरा नाही. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, दृश्याचा घेर लहान होतो, आणि झाडावरून उडालेला पक्षी पुन्हा सापडत नाही. हातात धरून वापरायची तर आठपट पुरे. दहापट ही स्थिर हाताच्या माणसासाठी. हर्णै-मुरूडच्या बाजूला डॉल्फिन पाहण्यासाठी होडीतून जाणाऱ्यांना ७×५० अधिक सोयीची, कारण हलत्या होडीत कमी वर्धनच उपयोगी पडते. पर्यटनस्थळी मिळणाऱ्या, लालभडक काचांच्या आणि कित्येक पटींचे दावे करणाऱ्या झूम दुर्बिणी मुलांना खेळायला ठीक आहेत.

आता पैशांचे. दुर्बिणीची किंमत मुख्यतः काचेवरील लेप, आतील लोलक आणि बांधणीची अचूकता यांची असते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर, लेप नसल्यास, सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीच्या एका नळीत अशा दहा-बारा सीमा सहज असतात, म्हणजे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. सर्व पृष्ठभागांवर अनेकपदरी लेप दिले की ही गळती फार कमी होते. लोलकाची काच ‘बीएके-४’ प्रकारची असावी. ते दुकानातच तपासता येते: दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहावे, नेत्रभिंगातील प्रकाशवर्तुळ पूर्ण गोल दिसले तर ठीक, कडा छाटल्यासारखी चौकोनी दिसली तर हलकी काच समजावी.

रत्नागिरीच्या खरेदीदाराने मात्र याहून अधिक महत्त्व दुसऱ्याच एका गोष्टीला द्यावे. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. जुलैमध्ये कपाटातील चामड्याच्या पट्ट्यावर जी बुरशी चढते तीच काचेवरही चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगावर पसरतात, आणि वेळीच साफ झाले नाहीत तर लेप खाऊन कायमचा डाग ठेवतात. आतल्या बाजूला धरलेली बुरशी घरी पुसता येत नाही. दुर्बीण उघडून पुन्हा जुळवण्याचा खर्च स्वस्त दुर्बिणीच्या किमतीइतका होऊ शकतो.

येथेच एक प्रचलित सल्ला कोकणात फसतो. जुन्या धाटणीची, खांद्याशी रुंद असलेली ‘पोरो’ दुर्बीण त्याच पैशांत सरळ नळ्यांच्या ‘रूफ’ दुर्बिणीपेक्षा चांगले चित्र देते, असे जाणकार सांगतात. ते खरेही आहे; तिची रचना सोपी असल्याने कारखान्यात खर्च कमी येतो. पण बहुतेक स्वस्त पोरो दुर्बिणींत केंद्रीकरणाचे चाक फिरवले की मागची नेत्रभिंगे आत-बाहेर सरकतात आणि भात्याप्रमाणे बाहेरची दमट हवा आत ओढतात. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत याचे फारसे बिघडत नाही. चिपळूण-संगमेश्वरकडे दोन पावसाळ्यांत बिघडू शकते. आतून नायट्रोजन भरून बंद केलेली, जलरोधक रूफ दुर्बीण थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ढोबळ हिशेब असा. पाच ते दहा हजार रुपयांत नावाजलेल्या कंपनीची पोरो दुर्बीण मिळते. चित्र समाधानकारक, आयुष्य बेभरवशाचे. बारा हजारांपासून पुढे जलरोधक, नायट्रोजनयुक्त ८×४२ दुर्बिणी सुरू होतात आणि पंचवीस-तीस हजारांपर्यंत चित्र स्पष्टपणे सुधारत जाते. पांढऱ्या आकाशासमोर बसलेल्या काळ्या पक्ष्याच्या कडेला दिसणारी जांभळी झालर याच टप्प्यात, विशेष प्रकारच्या काचेमुळे, बरीच कमी होते. त्यापुढे दीड-दोन लाखांच्या युरोपीय दुर्बिणींपर्यंत जाता येते. त्या उत्कृष्टच असतात. पण किंमत आठपट होताना दिसण्यात पडणारा फरक मुख्यतः कडेच्या स्पष्टतेचा आणि संधिप्रकाशातील थोड्या जादा उजेडाचा असतो. शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये. चष्मा असलेल्यांनी मात्र एका बाबतीत काटकसर करू नये: नेत्रभिंगापासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसले पाहिजे.

चांगल्या दुर्बिणीचा उपयोग फक्त हौसेपुरता नसतो. महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंदिस्त करून घेते आणि कित्येक आठवडे नर तिला फळे आणून देतो. माणसे जवळ दिसली की नर ढोलीशी येण्याचे टाळतो आणि आतल्या मादीची व पिलांची उपासमार होते. या जातीत नराचा डोळा लाल आणि मादीचा पांढरा असतो. तो रंग दूर अंतरावरून, आडोशाला बसून ओळखता आला, तर झाडाखाली जाण्याचे कारण उरत नाही. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाच्या घरट्याचेही तसेच. त्याच्या घरट्यांच्या नोंदी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने कोकण किनाऱ्यावर केल्या आहेत.

भाट्याच्या वाळूवर हिवाळ्यात उतरणारे छोटे चिखले पक्षी ओळखायचे असतील तर मात्र हातातली कोणतीही दुर्बीण अपुरी पडते. तेथे तिकाटण्यावरील स्पॉटिंग स्कोप लागतो. त्यातही साठपटीच्या मोहात पडू नये. ऊन चढल्यावर वाळूवरची हवा थरथरू लागते आणि तीस-चाळीसपटीच्या पुढे नुसती थरथरच मोठी दिसते.

ठरवलेल्या रकमेतून हजार-दीड हजार रुपये आधीच बाजूला काढावेत, ते हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि लहानसा आर्द्रतामापक यांसाठी. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बुरशी धरत नाही. सोबत मिळालेली पिशवी प्रवासापुरती वापरावी. पावसाळ्यात तिच्यात दुर्बीण ठेवू नये, कारण कापड ओल धरून ठेवते. किनाऱ्यावरून परतल्यावर जलरोधक दुर्बीण गोड्या पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपावी. सुक्या रुमालाने घासल्यास मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. जुनी दुर्बीण विकत घेताना पुढच्या भिंगातून विजेरीचा झोत टाकून मागून तिरपे पाहावे, आणि ती पावसाळ्यात कुठे ठेवलेली असे ते विक्रेत्याला जरूर विचारावे.