न उचललेल्या फोनची किंमत

फोन लावायचा, पलीकडे एक-दोन घंटा वाजू द्यायच्या आणि कोणी उचलण्याआधी बंद करायचा. "खाली आलो आहे", "गाडी सुटली", "आता तू लाव" यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे दोघांत आधीच ठरलेले असे. ज्या इंग्रजीतून हा शब्द आला, तिथे 'मिस्ड कॉल' म्हणजे घ्यायचा राहून गेलेला फोन. भारतात मात्र तो 'दिला' जाऊ लागला. राहून गेलेल्या गोष्टीचे देण्यात झालेले हे रूपांतर वरवर भाषेची गंमत वाटते. प्रत्यक्षात देशातील डिजिटल जाहिरातीच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण त्यातून सुरू होते.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. पुढे अवघ्या पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. एकाच पावसाळ्यात जन्मलेली ही दोन भावंडे. पण पुढची वीस वर्षे बहुसंख्य भारतीयांच्या हाती पहिलेच आले, दुसरे नाही. आणि पहिलेही स्वस्त नव्हते. सुरुवातीला येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये 'जो लावेल तो भरेल' ही पद्धत आली आणि येणारा फोन फुकट झाला. त्यानंतर प्रीपेड कार्डात शेवटचे चार रुपये उरलेल्या माणसाचा हिशेब सरळ होता: संवाद सुरू आपण करावा, खर्च दुसऱ्याने करावा.

हे जमत होते ते दूरध्वनी जाळ्याच्या रचनेमुळे. क्रमांक दाबल्यापासून घंटा वाजेपर्यंतचे सारे काम संकेतांचे असते. कोण कोणाला बोलावतो आहे, तो कुठे आहे, त्याचा फोन मोकळा आहे का, ही देवाणघेवाण आवाजाच्या मार्गावरून होत नाही. तिच्यासाठी वेगळी संकेतप्रणाली असते. पैशांचे मीटर मात्र सुरू होते ते पलीकडच्याने फोन उचलल्याचा संकेत आल्यावरच. म्हणजे घंटा वाजवणाऱ्याचा क्रमांक पलीकडे पोचलेला असतो, जाळ्याने आपली ताकद खर्च केलेली असते आणि बिल शून्य असते. कंपन्यांच्या दृष्टीने ही गळती होती. लोकांच्या दृष्टीने ती फुकटची तार होती, एका शब्दाचीही नसलेली.

या फुकटच्या तारेत व्यवसाय आहे, हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत २०१० मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेली झिपडायल ही कंपनी होती. जाहिरातीत एक क्रमांक छापायचा. ग्राहकाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. यंत्राने तो आपोआप तोडायचा आणि मग संदेश किंवा उलट फोन पाठवायचा. ग्राहकाला ना अक्षरओळख लागे, ना इंटरनेट, ना पैसे. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखालील भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने पाठिंबा मोजण्यासाठी हाच मार्ग वापरला. पुढे राजकीय पक्षांनी सदस्यनोंदणीसाठी, बँकांनी खात्यातील शिल्लक कळवण्यासाठी तो उचलला. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने झिपडायल विकत घेतली. अक्षरांची संख्या मोजून लिहायला लावणाऱ्या कंपनीला शून्य अक्षरांच्या संवादात रस वाटावा, हे तसे सुसंगतच होते.

या काळातला सर्वांत बोलका प्रयोग बिहार आणि झारखंडमध्ये झाला. जाहिरातव्यवसायाच्या परिभाषेत हा प्रदेश 'अंधारा' गणला जाई. दिव्यांचा अंधार तर होताच, कारण वीज तासन्‌तास नसे. पण इथे शब्दाचा रोख माध्यमांवर होता. टीव्ही बंद, वर्तमानपत्र विरळ, सिनेमागृह दूर. साबण आणि क्रीम विकणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरपुढे या घरांपर्यंत आवाज पोचवायचा कसा, हा प्रश्न होता. घरात चालणारे एकच यंत्र होते, मोबाइल, आणि तोही बहुधा साधा, बटणांचा. २०१३ मध्ये कंपनीने 'कान खजूरा टेसन' सुरू केले. कानखजूरा म्हणजे गोम, कानात शिरते असे जिच्याबद्दल म्हणतात ती. टेसन हे स्टेशनचे बोलीतले रूप. ठरावीक क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि पंधरा मिनिटे चित्रपटगीते, विनोद, गप्पा ऐकायला मिळत. अधूनमधून कंपनीच्या जाहिराती. ऐकणाऱ्याचा एक पैसाही जात नसे.

रेडिओच म्हणायचा तो. पण एका बाबतीत तो रेडिओहून मूलतः वेगळा होता. आकाशवाणीला आपले श्रोते कोण हे पत्रांवरून आणि पाहण्यांवरून अंदाजानेच कळत असे. इथे प्रत्येक श्रोत्याचा क्रमांक नोंदला जात होता. त्याने कोणत्या वेळी फोन केला, किती वेळ ऐकले, पुन्हा केव्हा केला, जाहिरात सुरू होताच ठेवून दिला का, हे सारे मोजता येण्याजोगे होते. २०१४ मध्ये फ्रान्समधील कान येथील जाहिरात महोत्सवात या प्रयोगाला सुवर्णपदके मिळाली, तेव्हा कौतुक झाले ते साध्या फोनवर केंद्र उभारण्याच्या कल्पकतेचे. कौतुक रास्तच होते. परंतु खेड्यातल्या त्या श्रोत्याने गाण्यांच्या मोबदल्यात काय दिले होते, याची चर्चा फारशी झाली नाही. त्याने पंधरा मिनिटांचे लक्ष दिले होते, आणि त्याहून टिकाऊ अशी एक वस्तू दिली होती: आपला क्रमांक.

त्या घंटेचा अर्थ नेमका कोणता धरायचा? 'मला गाणी ऐकवा' एवढाच, की 'मला यापुढे काहीही कळवत राहा' असाही? मित्राला दिलेल्या मिस्ड कॉलचा अर्थ दोघांनी मिळून ठरवलेला असे. कंपनीला दिलेल्या मिस्ड कॉलचा अर्थ कंपनी एकटीच ठरवू शकत होती. भारतातील डिजिटल जाहिरातीचा पुढचा बराचसा झगडा या एका फरकाभोवती फिरतो.

नियामकाने तो सोडवण्याचे प्रयत्न आधीपासूनच आरंभले होते. नको असलेले व्यापारी फोन टाळू इच्छिणाऱ्यांसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही झाली. तिचा उपयोग बेताचाच झाला, म्हणून ट्रायने २०१० मध्ये कडक नियम केले. सप्टेंबर २०११ मध्ये ते पूर्णपणे लागू झाले तेव्हा एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा आली आणि थोड्याच दिवसांत ती २०० करावी लागली, कारण जाहिरातदारांबरोबर मित्रमैत्रिणींचे गटही त्या जाळ्यात सापडले. २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले गेले. संदेश पाठवणारी संस्था, तिचे शीर्षक, मजकुराचा साचा आणि ग्राहकाची संमती या साऱ्यांची नोंद वितरित खातेवहीत, म्हणजे ज्याला सैलपणे ब्लॉकचेन म्हणतात त्या तंत्रात, करणे बंधनकारक झाले. क्रिप्टोचलनाच्या गदारोळात हे तंत्र जगभर बदनाम होत असताना भारतात ते अब्जावधी साध्या एसएमएसची चौकशी करू लागले होते. २०२५ मध्ये तर संदेशाच्या शीर्षकाअखेर एक अक्षर जोडणे सक्तीचे झाले: जाहिरातीसाठी 'पी', सेवेसाठी 'एस', व्यवहारासाठी 'टी' आणि सरकारी संदेशासाठी 'जी'. आपल्या फोनमध्ये आलेला कोणताही व्यापारी संदेश उघडून हे अक्षर कोणालाही पाहता येते.

याच २०१८ च्या नियमांत संमतीचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्पष्ट दिलेली आणि वर्तनावरून किंवा संबंधांवरून 'अनुमानित' केलेली. कायद्याने आधुनिक खातेवही आणली, पण मिस्ड कॉलची संदिग्धता तिच्या एका रकान्यात शिल्लक राहिली.

मधल्या काळात क्लिकचाही अर्थ असाच पणाला लागला होता. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स' या मोजक्या संकेतस्थळांच्या फुकट सेवेसाठी देशव्यापी मोहीम उघडली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, आणि फेसबुक वापरणाऱ्यांना एक बटण दाखवण्यात आले. ते दाबले की ट्रायकडे समर्थनाचा तयार मजकूर जाई. लाखो मेल जमा झाले. अडचण अशी की ट्रायने चर्चेसाठी विचारलेले प्रश्न वेगळेच होते: वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर आकारू द्यावेत काय? बटण दाबणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते प्रश्न पाहिलेलेच नव्हते. गंभीर विचारविनिमयाला यामुळे जनमतचाचणीचे स्वरूप येते, अशी तक्रार ट्रायने कंपनीला लिहून कळवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभावाचे दर बंद केले. नियामक संस्थेने 'बटण दाबले म्हणजे मत दिले' हे समीकरण नाकारल्याचे हे उदाहरण आजही वाचण्यासारखे आहे.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले. बोलणे फुकट झाले आणि डेटाचे भाव कोसळले. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका गिगाबाइटला सरासरी २६९ रुपये पडत. २०१८ मध्ये १२ रुपयांहूनही कमी. घंटा वाजवून फोन तोडण्यात आता बचत काहीच उरली नाही. एका पिढीची काटकसर एका हंगामात निरर्थक झाली. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आणि लघुचित्रफितींवर सरकली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा काही दिवसांत इन्स्टाग्रामचे रील ती जागा घ्यायला हजर होते. मिस्ड कॉल पूर्णपणे संपला मात्र नाही. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी आलेल्या यूपीआयच्या '१२३पे' सेवेत पैसे देण्याचा एक मार्ग म्हणून तो पुन्हा अवतरला.

पण त्याने शिकवलेला धडा मुख्य प्रवाहात कायमचा रुजला. पाश्चात्त्य इंटरनेटवर जाहिरातदाराने माणसाचा माग काढला तो मुख्यतः ब्राउझरमध्ये ठेवलेल्या 'कुकी' नावाच्या छोट्या नोंदीतून. ती यंत्राला चिकटते. यंत्र बदलले, नोंद पुसली, की माग तुटतो. भारतात माग काढण्याची किल्ली झाली ती मोबाइल क्रमांक. बँक, किराणा, औषधे, रेल्वे, शाळेची फी, सगळीकडे ओळख म्हणून दहा आकडे आणि त्यावर येणारा ओटीपी. फोन हरवला तरी माणूस क्रमांक तोच ठेवतो. कंपनी बदलली तरी तोच ठेवतो; २०११ पासून तशी सोयच आहे.

या किल्लीचा उपयोग कसा होतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरूर समजून घ्यावे. दुकानदार आपल्या ग्राहकांच्या क्रमांकांची यादी समाजमाध्यमाच्या जाहिरात विभागाला देतो आणि माध्यम ती आपल्या वापरकर्त्यांच्या क्रमांकांशी ताडून पाहते. जुळलेल्यांना जाहिरात दिसते. यादी जशीच्या तशी जात नाही, ती 'हॅश' करून जाते, असे आश्वासन दिलेले असते. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुराचे ठरावीक लांबीच्या चिन्हमालेत केलेले एकेरी रूपांतर. मालेवरून मूळ मजकूर उलगडता येत नाही. लांबलचक, अनपेक्षित मजकुराच्या बाबतीत हे खरे आहे. मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत ते फसवे ठरते. भारतीय क्रमांक दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सारे क्रमांक मिळून ४०० कोटी. खेळांसाठी वापरले जाणारे एखादे चांगले ग्राफिक कार्ड या सगळ्यांचे हॅश काही सेकंदांत काढू शकते. मग उलगडण्याची गरजच काय? तक्ता तयार करायचा आणि त्यात शोधायचे. कुलूप भक्कम आहे, पण शक्य त्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात मावतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाला दुकानदारांना बजावावे लागले की बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये ग्राहकाला भुलवून होकार काढून घेणाऱ्या १३ प्रकारच्या डिजिटल क्लृप्त्यांना मनाई झाली. नव्या कायद्यानुसार संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती स्पष्ट होकारात्मक कृतीने दिलेली असली पाहिजे. आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. यातली शेवटची अट मिस्ड कॉलच्या गणिताला पहिल्यांदाच उलट बाजूने लावते. एका घंटेत दिलेला क्रमांक एका घंटेत परत घेण्याची सोय आजवर कोणी केली नव्हती.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. बिलाच्या खिडकीपाशी "नंबर सांगा" हा प्रश्न अजून रोज विचारला जातो, आणि मागे रांग असल्यामुळे बहुतेक जण तो सांगून टाकतात.