चाळिशी लागते म्हणजे नेमके काय होते? डोळ्याच्या भिंगाची गोष्ट

कोल्हापुरात खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचा स्तंभ तुम्ही पाहिला असेल. बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास सहकाऱ्यांच्या मदतीने याच गावात चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. त्याची ही आठवण. शाळेत आपल्याला शिकवतात की डोळा म्हणजे कॅमेरा. ते बरेचसे खरे आहे, पण एका बाबतीत चूक आहे. ती चूक सुधारायला शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षे लागली. आणि चाळिशीच्या चष्म्याबद्दल जे गैरसमज मी रोज ऐकतो, त्यांचे उत्तरही तिथेच आहे.

आधी एक साधा प्रयोग करा. रंकाळ्याच्या काठावर उभे राहा, एक डोळा मिटा आणि बोट डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरा. समोर शालिनी पॅलेसकडे पाहिलेत की बोट अंधूक दिसेल. बोटाकडे पाहिलेत की पॅलेस अंधूक होईल. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणार नाहीत. म्हणजे नजर जवळ आणताना डोळ्याच्या आत काहीतरी बदलते. ते काय?

खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी 1611 साली अंदाज मांडला की भिंग पुढेमागे सरकत असावे. कॅमेऱ्यात तसेच होते. माशांच्या डोळ्यातही भिंगच सरकते. पण माणसाचे काय? 1637 साली देकार्त म्हणाले की भिंगाचा आकार बदलतो. कोणी म्हणे, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा फुगतो. कोणी म्हणे, सगळा डोळाच लांब होतो. पुरावा कोणाकडेच नव्हता.

तो मिळवला थॉमस यंग या तरुण इंग्रज डॉक्टरने. 1801 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने स्वतःच्याच डोळ्यावर केलेले प्रयोग आहेत. पुढच्या पडद्याचा परिणाम घालवण्यासाठी त्याने डोळ्याला पाणी भरलेली नळी लावली. तरीही जवळचे-लांबचे जुळवता येत होते. म्हणजे काम त्या पडद्याचे नव्हते. मग त्याने डोळा नाकाकडे वळवला आणि पुढून-मागून कडीसारखे साधन लावून तो जखडून ठेवला. डोळा लांबला असता तर मागचा दाब वाढला असता. तसे झाले नाही. (हा प्रयोग घरी अजिबात करू नका!) शेवटी त्याने मोतीबिंदूसाठी भिंग काढलेले रुग्ण तपासले. त्यांना नजर जवळ-लांब जुळवताच येत नव्हती. उरले एकच उत्तर: भिंग आपला आकार बदलते.

पुढे 1850 च्या दशकात क्रामर आणि हेल्महोल्ट्झ यांनी ते प्रत्यक्ष दाखवले. डोळ्यासमोर मेणबत्ती धरली की भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर ज्योतीचे प्रतिबिंब पडते. माणसाने जवळ पाहिले की ते प्रतिबिंब लहान होते. याचा अर्थ तो पृष्ठभाग जास्त फुगीर होतो.

यामागची रचना अशी. भिंगाभोवती एक गोल स्नायू असतो आणि दोघांमध्ये बारीक तंतू ताणलेले असतात. लांब पाहताना स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळ पाहताना स्नायू आकसतो, त्यामुळे तंतू ढिले पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे फुगते.

खरी मेख या लवचिकपणात आहे. दहा वर्षांचे मूल पुस्तक डोळ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरूनही वाचू शकते. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. चाळिशीनंतर पेपर थोडा लांब धरावा लागतो. साठीत हातच पुरत नाही. हे सगळ्यांना होते. आपल्या भाषेने तर चष्म्यालाच वयाचे नाव देऊन टाकले आहे: चाळिशी.

आता गैरसमजाकडे वळू. 1920 साली, म्हणजे बाबूरावांचा 'सैरंध्री' आला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स या डॉक्टरने चष्म्याशिवाय नजर सुधारण्याचे पुस्तक काढले. त्याचे म्हणणे होते की जवळचे पाहायला भिंग लागतच नाही, बाहेरचे स्नायू डोळा लांबवतात. हीच कल्पना यंगने सव्वाशे वर्षे आधी खोडून काढली होती. तरी आजही मोबाइलवर "चष्मा कायमचा घालवा" असे व्यायाम फिरतात. स्नायूला कितीही व्यायाम दिला तरी कडक झालेले भिंग मऊ होत नाही. "चष्मा लावला की नंबर वाढतो" हेही खरे नाही. चष्मा लावा की लावू नका, भिंग आपल्या गतीने कडक होतच राहते.

चष्मा टाळण्याची किंमत मात्र मोजावी लागते. गुजरीतला सोनार, हुपरीतला चांदीचा कारागीर, घरी शिलाई करणारी ताई: यांची रोजीरोटी हातभर अंतरावरच्या नजरेवर चालते. आसामच्या चहामळ्यांत 40 वर्षांवरील कामगारांना साधे जवळचे चष्मे दिले गेले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. "आता हात पूर्वीसारखा चालत नाही" म्हणून काम सोडण्याआधी एकदा नजर तपासून घ्या. दोष हाताचा नसेलही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेले नेहमीचे कृत्रिम भिंग आकार बदलत नाही. त्यामुळे लांबचे स्पष्ट दिसू लागले तरी वाचायला चष्मा लागू शकतो. ऑपरेशन फसले असे समजू नका. दुसरे, चाळिशी हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत येते. एका डोळ्याने अचानक कमी दिसले, डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली किंवा नजरेसमोर वीज चमकल्यासारखे झाले, तर ती चाळिशी नव्हे. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

चाळिशीनंतर तयार चष्मा घेण्याआधीही एकदा पूर्ण तपासणी करा. त्यात डोळ्याचा दाब आणि आतला पडदा पाहिला जातो, आणि मधुमेह असेल तर ते फारच गरजेचे. मग चष्मा खुशाल लावा. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीच नाही.