डंगरी

डंगरी : जाड्याभरड्या सुती कापडाचे व त्यापासून शिवलेल्या श्रमिकांच्या विजारीचे नाव. मुंबईतील डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या स्वस्त व टिकाऊ कापडास त्या स्थळावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात ते इंग्रजीत रूढ झाले आणि पुढे खलाशी व कारखान्यांतील कामगार यांच्या पोशाखास लावले जाऊ लागले. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम या शहरावरून आले. त्याची वीण तिरपी (ट्विल) असून ताणा निळीने रंगविलेला व बाणा पांढरा असतो. अमेरिकेत निळ्या डेनिमच्या विजारीसही डंगरी म्हटले जाई.

वऱ्हाडचा कापूस : जाड्याभरड्या सुताला आखूड धाग्याचा कापूस पुरत असे व तोच वऱ्हाडात मुख्यत्वे पिके. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव (१९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात) ही त्याची मोठी पेठ होती. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) तेथील कापसाची निर्यात खंडित झाल्याने वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. १८७० मध्ये खामगाव सु. १३ किमी. लांबीच्या लोहमार्गाने जलंब स्थानकाशी जोडले गेले. या व्यापारातील गाठींची व दरांची नोंद दप्तरांत झाली; सरकी काढणाऱ्या व गाठी बांधणाऱ्या मजुरांच्या अंगावरील कपड्यांची मात्र क्वचितच झाली. विरलेला कपडा गोधडीत जाई. त्यामुळे श्रमिकांच्या पोशाखाचा इतिहास लिहिताना प्रत्यक्ष वस्त्र हाच प्रमुख पुरावा ठरतो आणि त्याचा काळ ठरविणे अगत्याचे होते. या कालनिर्णयाची पद्धती मुख्यतः अमेरिकन विजारींच्या अभ्यासातून विकसित झाली.

कालनिर्णयाचे तत्त्व : विजारीतील सर्वांत अलीकडचे मूळ वैशिष्ट्य तिची पूर्वमर्यादा ठरविते, त्याआधी ती तयार झालेली असू शकत नाही. याउलट, जुने वैशिष्ट्य आढळले म्हणून विजार जुनीच असे म्हणता येत नाही. बटणे बदललेली, ठिगळे लावलेली वा कंबर नव्याने शिवलेली असू शकते. म्हणून दुरुस्तीचे टाके प्रथम वेगळे काढावे लागतात.

रचनेतील खुणा : खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट बसविण्याचे एकस्व (क्र. १,३९,१२१) जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस आणि कंपनी यांना २० मे १८७३ रोजी मिळाले. १८९० मध्ये त्याची मुदत संपल्यावर इतर उत्पादकही रिव्हेट वापरू लागले. या कंपनीच्या विजारींतील फेरबदलांचा क्रम बराच निश्चित झाला आहे. आरंभी मागे एकच खिसा, कंबरेला गॅलिसची बटणे आणि पाठीमागे बकल असलेली आवळपट्टी असे. दुसरा मागचा खिसा १९०१ मध्ये व पट्टा ओवण्याचे लूप १९२२ मध्ये आले. खिशावरील लाल फीत १९३६ ची आहे; १९३७ मध्ये मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली झाकण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात धातू व धागा वाचविण्यासाठी आवळपट्टी व काही रिव्हेट गाळले गेले. खिशावरील कमानदार शिवणीची जागा रंगाच्या रेघांनी घेतली. १९४७ पासून ही शिवण दुहेरी सुईने होऊ लागली. झाकलेल्या रिव्हेटांऐवजी दाट टाके १९६६ च्या सुमारास आले. फितीवरील नावातील मोठ्या लिपीचे 'ई' अक्षर १९७१ मध्ये लहान झाले. ही वर्षे एका कंपनीची आहेत. ती सरसकट इतर उत्पादनांस लावता येत नाहीत. उदा., ली कंपनीने बटणांऐवजी चेन १९२०–३० या दशकातच वापरली होती.

छापील मजकूर : अमेरिकेतील ओसाड खाणीत सापडलेली एक विजार २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत लिलावात विकली गेली. तिच्या खिशाच्या अस्तरावर ती केवळ गोऱ्या मजुरांनी बनविल्याची जाहिरात आहे. चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करणारा १८८२ चा कायदा व त्यामागील वंशद्वेष यांच्याशी तिचा संबंध आहे. कालनिर्णयाची ही खूण त्या काळातील कामगारजगताचाही पुरावा ठरते.

भारतीय कापडावर गिरणीचा शिक्का अस्तरात वा शिवणीच्या आत शिल्लक असल्यास उपयोगी पडतो. १८८९ च्या व्यापारचिन्हविषयक कायद्याने ठाणावर वारांत लांबी छापणे आवश्यक झाले. मीटरमधील मोजमाप १९५६ च्या वजने व मापे अधिनियमानंतरचे असते. 'नये पैसे' हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे निर्देश करतो.

मर्यादा : जुन्या विजारींना मोठी किंमत येऊ लागल्यापासून त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती निघू लागल्या. त्यांत जुन्या खुणा मुद्दाम उतरविलेल्या असतात. म्हणून कापडाचा काठ, शिवणीचा धागा, धातूचा गंज व झीज यांचा परस्परमेळ पाहावा लागतो. गुडघ्यावरील ठिगळ व खिशाचा फाटलेला कोपरा संग्राहकाच्या लेखी दोष ठरतात. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ती अनामिक श्रमिकाच्या कामाची नोंद होय. वस्त्र धुऊन वा नव्याने शिवून घेतल्यास ही नोंद नष्ट होते.