रविवारी चांदबिबी महाल

लग्न होऊन मी नगरला आले त्याला आता पाच वर्षं होतील. पहिल्याच रविवारी नवऱ्याने विचारलं, "फिरायला जायचं का? चांदबिबी महालावर?" मी साडी नेसून, केसांना गजरा माळून तयार झाले. महाल म्हटल्यावर आणखी काय करणार? शहराबाहेर पाथर्डी रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेलो, डोंगराचा छोटासा घाट चढलो आणि वर पोचलो, तर समोर एक अष्टकोनी, तीन मजली, काळ्या दगडाची इमारत. ना नक्षी, ना सिंहासन. मोठमोठ्या कमानींमधून वारा नुसता भणाणत होता. गजरा पाच मिनिटांत विस्कटला.

"महाल कुठाय?" मी विचारलं.

"हाच. पण हा महाल नाही," नवरा म्हणाला, "आणि चांदबिबीचाही नाही."

शाह डोंगरावरची ही इमारत म्हणजे सलाबतखान नावाच्या कारभाऱ्याची कबर. निजामशाहीत मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८० च्या दशकात, हा सलाबतखान राज्याचा मुख्य वजीर होता. त्याने जिवंतपणीच स्वतःसाठी ही जागा बांधून घेतली. खाली तळघरात थडगी आहेत. हे सगळं पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत आहे, गॅझेटियरमध्ये आहे, आणि नगरकरांनाही ते माहीत आहे. तरी कुणी "सलाबतखानाच्या कबरीवर जाऊन येऊ" असं म्हणत नाही. पहाटे पळायला जाणारे, पावसाळ्यात ढग बघायला जाणारे, कॉलेज बुडवून जाणारे, सगळे चांदबिबीलाच जातात.

आम्हीही जायला लागलो. खरं कारण इतिहास नव्हतं. घर दोन खोल्यांचं, त्यात सासू-सासरे, दीर आणि आम्ही. दोघांना मोकळेपणी बोलायची जागा घरात नव्हती. म्हणून रविवार आला की मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्यायची (मी सोलापूरची, आमचा प्रवासाचा डबा हाच) आणि स्कूटर काढायची. कधी डोंगरगण, जिथल्या दरीला इंग्रज हॅपी व्हॅली म्हणत. कधी रणगाड्यांचं संग्रहालय. कधी फराहबाग. डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा. त्याला फोटो काढायचा नाद, मला वाचायचा. तो घुमटाचे फोटो काढी, मी कमानीत बसून गॅझेटियर वाची. दोघांचे छंद एकाच जागी भागत होते, आणि मधेमधे बोलणंही होत होतं.

अशाच एका रविवारी तो हसत म्हणाला, "तुला माहितीये का, तुझं माहेर आमच्या चांदबिबीला हुंड्यात दिलं होतं."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच होतं.

सोलापूरचा किल्ला आणि भोवतीचा मुलूख निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर. दोघांनाही तो हवा. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचं लग्न इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशी, मरियमशी झालं. लग्नात सोलापूर द्यायचं ठरलं होतं, असं नगरकरांचं म्हणणं. विजापूरकरांनी ते दिलं नाही. पुढची चाळीसेक वर्षं या दोन दरबारांत ज्या लढाया झाल्या, त्यांतल्या कित्येकींच्या मुळाशी हे न मिळालेलं सोलापूर आहे. कबूल केलेला हुंडा दिला नाही म्हणून व्याही रुसले. फक्त इथे रुसव्याबरोबर तोफा होत्या.

मग १५६४ च्या सुमारास दोन्ही घरांनी समेट केला. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं होतं. त्यासाठी चक्क साटंलोटं झालं. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि अलीची बहीण हादिया सुलताना नगरच्या मुर्तझाला केली. चांदबिबीबरोबर सोलापूर गेलं. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, विजयनगर पडलं. शाळेत आपण त्या लढाईची कारणं पाठ करतो, त्यांत या दोन लग्नांचं एक वाक्य असतं. त्या वाक्यात दोन मुली आणि एक जिल्हा आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

गंमत अशी की हे ठरवून केलेलं लग्न बरं झालं असावं. चांदबिबीला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कन्नड येई, ती सतार वाजवी, फुलांची चित्रं काढायचा तिला छंद होता, असं परंपरेने सांगतात. ती पडद्यात बसून राहिली नाही, नवऱ्याबरोबर घोड्यावरून शिकारीला आणि मोहिमांवर जाई, असंही सांगतात. अलीने तिच्या नावाने विजापुरात पायऱ्यांची मोठी विहीर बांधली, चांदबावडी. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती. लक्षात राहिलं होतं ते फक्त हिरवं पाणी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात साधारण १७०० सालचं एक दखनी चित्र आहे. त्यात चांदबिबी घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करायला निघाली आहे. चित्र तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेलं, म्हणजे चेहरा कल्पनेतलाच. पण दखनच्या लोकांनी तिची आठवण कशी जपली, ते त्यात दिसतं. ती लढताना नाही, फिरायला निघालेली आहे.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या, इब्राहिम. चांदबिबीने त्याच्या वतीने कारभार पाहिला, एका सरदाराने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकलं. पुढे १५८४ च्या सुमारास ती नगरला परत आली, पण एकटी नाही. इब्राहिमची बहीण खदिजा हिचं लग्न मुर्तझाच्या मुलाशी ठरलं होतं. तिला घेऊन आली. म्हणजे आता ती नवऱ्यामुलाची आत्या आणि नवरीची काकू. मांडवात दोन्हीकडची.

तेव्हा नगरात कारभार कोणाचा होता? सलाबतखानाचा. मुर्तझा निजामशहा लोकांत मिसळेनासा झाला होता. लोक त्याला दिवाणा म्हणत. गॅझेटियर सांगतं की तो फराहबागेत दिल्लीच्या एका गायकाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, आणि त्या गायकासाठी त्याने बागेत लाकडाचा वेगळा महाल बांधला. फराहबाग म्हणजे तळ्याच्या मधोमध असलेला राजवाडा, खापरी नळांनी आणलेलं पाणी, उंच दालनं. तीही १५८३ मध्ये पुरी केली ती सलाबतखानानेच. राजाला कायमचा रविवार होता आणि तो रविवार चालवायला एक माणूस आठवडाभर राबत होता. फिरिश्ता हा इतिहासकार त्या वेळी नगरच्याच दरबारात चाकरीला होता. त्याने सलाबतखानाच्या कारभाराची तारीफ केली आहे.

आणि याच फिरिश्त्याने पुढची गोष्ट लिहून ठेवली. खदिजा नगरला आली, पण लग्न लागेना. सलाबतखान अडून बसला: नवरीच्या भावाने हुंड्यात सोलापूर परत द्यावं, मगच लग्न. इब्राहिमने नकार दिला आणि औशाच्या किल्ल्याला वेढा घातला. प्रकरण अंगाशी आल्यावर मुर्तझा वजिरावर भडकला आणि त्याने त्याला कैदेत जायचा हुकूम केला. लोकांनी अडवलं, तरी सलाबतखान धन्याचा हुकूम म्हणून आपणहून गेला. मुर्तझाला १५८८ मध्ये पोटच्या मुलाने, त्याच नवऱ्यामुलाने, मारलं. सलाबतखान नंतर सुटला, पण म्हातारा झाला होता. तो वारल्यावर त्याला या डोंगरावर आणून पुरलं. वरून फराहबागेची दिशा दिसते.

म्हणजे हुंड्यात गेलेलं सोलापूर ज्याने पुन्हा हुंड्यात मागितलं, तो माणूस चांदबिबीच्या नावाखाली झोपला आहे. चांदबिबीला मात्र नगरात कबर नाही. १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. १६०० मध्ये दुसऱ्या वेढ्यात, ती शत्रूला सामील आहे अशा आवईवरून तिच्याच लोकांनी तिला किल्ल्यात ठार केलं. तिच्या अस्थी इराणात मशहदला नेल्या असं सांगतात. सासरी नवऱ्याने बांधलेली विहीर आहे. माहेरी लोकांनी तिला उंचावरची, सगळ्यांना दिसणारी कबर देऊन टाकली, मूळ मालकाला न विचारता. चूक आहे, पण मला ती दुरुस्त करावीशी वाटत नाही.

हे सगळं वाचत असताना एक गोष्ट मात्र मी दोन वर्षं वाचली नव्हती. ती आमच्या अंगणात उभी होती.

ज्या स्कूटरवर आम्ही दर रविवारी फिरत होतो, ती माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. आमच्याकडे हुंडा घेतला-दिला नाही, हे दोन्ही घरं अभिमानाने सांगतात. सासूबाई तर शेजारणींनाही सांगतात. स्कूटर "मुलीच्या सोयीसाठी, हौसेने" दिली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तेव्हापासून आपल्याकडे हुंडा बंद होऊन हौस सुरू झाली. गाडी नवऱ्याच्या नावावर. चालवायचा तोच, मी मागे. एका दिवाळीला माहेरी कपाट आवरताना पतपेढीचं पासबुक हाती लागलं. वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला. त्यांनी त्या गाडीसाठी कर्ज काढलं होतं आणि हप्ते अजून चालू होते. आई म्हणाली, "तिकडे बोलू नको. जावईबापूंना काय वाटेल?"

पुढच्या रविवारी डोंगरावर मी बोलले. भाकरीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मी मागितली नव्हती गं." ते खरंच होतं. मी म्हटलं, "अलीनेपण सोलापूर मागितलं होतं की नाही, कुठे लिहिलंय? त्याने घेतलं एवढंच लिहिलंय." तो चिडला. इतिहासाची उदाहरणं भांडणात आणू नये, असं म्हणाला. त्या दिवशी फोटो काढले नाहीत. घाट उतरताना मी मागे बसले होते आणि प्रत्येक वळणावर मला हप्ता आठवत होता.

महिनाभर रविवार घरातच गेले. घरात बोलायला जागा नव्हती, म्हणून भांडणही झालं नाही.

मग एके दिवशी तो स्वतःच पैसे घेऊन सोलापूरला गेला. वडिलांनी घेतले नाहीत. जावयाकडून पैसे घ्यायचे म्हणजे त्यांना अपमान वाटला. दोघं तासभर एकमेकांच्या हातात पाकीट कोंबत होते. शेवटी नवऱ्याने पतपेढीत जाऊन उरलेले हप्ते परस्पर भरले. नगरला आल्यावर गाडी माझ्या नावावर केली. सासूबाईंनी विचारलं, "कशाला ही उठाठेव?" त्याने "कागदपत्रांचं काम होतं" असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. ते मी त्याला सांगितलंही आहे.

आता घाटात गाडी मी चालवते. पहिल्यांदा दुसऱ्याच वळणावर बंद पडली, तेव्हा तो मागून उतरून चालत आला.

परवा वर एक नवं जोडपं भेटलं. तिचा गजरा वाऱ्याने विस्कटला होता. तिने मला विचारलं, "चांदबिबीला कुठे पुरलंय हो, खाली?" मी म्हटलं, खाली सलाबतखान आहे. मग सगळं सांगितलं: वजीर, राजाचं बुद्धिबळ, फराहबाग. माझा नवरा कमानीत बसून कॅमेरा पुसत होता. तो म्हणाला, "सोलापूरचं सांग ना."

मी सोलापूरचंही सांगितलं.