लांडगा लंडनचा, वाघ आपला

१९८१ साली ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ आला, तेव्हा समीक्षकांत दोन तट पडले. हसायचं की घाबरायचं? पण माणसाचा लांडगा करणाऱ्या रिक बेकरला मेकअपचं ऑस्कर मिळालं.

१९९२ मध्ये महेश भट्ट यांनी हीच कल्पना ‘जुनून’मध्ये आणली. पौर्णिमेला राहुल रॉयचा होतो वाघ! कुणी म्हणतं, सरळ नक्कल. मला मात्र तो बदलच महत्त्वाचा वाटतो. लांडगे आपल्या माळरानावरही आहेत. पण आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडे आदिवासी पाड्यांवर वाघबारसेला पूजा होते ती वाघोबाची. ज्याला भ्यायचं, त्यालाच हात जोडायचे. गोष्ट उसनी आणता येते हो. भीती इथलीच लागते.